खाच पाडताना पात्याचा कान दर वेळी का उडतो?

गारगोटीचं बाणाचं पातं अगदी मनासारखं उतरलेलं असतं. धारा सरळ, टोक नेमकं, जाडी सगळीकडं सारखी. राहिलेलं काम काय, तर बुडाजवळच्या दोन खाचा. पहिली खाच अर्ध्यावर येते न येते तोच कट्‌ असा आवाज होतो आणि कान उडतो. पुढच्या पात्याला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. मग माणूस एक तर जोर कमी करतो, नाहीतर दगडाला नावं ठेवतो. जोर कमी केला की खाच आतच जात नाही. आणि दगड वाईट असतोही, पण आपल्याला वाटतं तितक्या वेळा नसतो.

खाचेच्या खाली बुडाचा जो कोपरा उरतो तो कान, आणि दोन खाचांच्या मधला अरुंद भाग ती मान. अवजाराचं टोक धारेवर दाबून एकेक कपची काढत खाच आत न्यायची असते. एवढं धरून पुढं जाऊ.

कान तुटला की पहिलं काम म्हणजे तो शोधणं. खाली जुनी चादर अंथरून बसत असाल तर सापडतो. दोन्ही तुकडे उन्हात तिरपे धरा आणि तुटलेली बाजू बघा, साधं भिंग असेल तर उत्तमच. ती बाजू सपाट, जवळजवळ काटकोनात असेल आणि एका कडेला ओठासारखी बारीक उलटलेली कड असेल, तर कान वाकून तुटला. तिच्यावर खाचेच्या तळापासून निघालेली शिंपल्यासारखी वलयं दिसली, तर कपची कानातून आरपार गेली, म्हणजे एका दाबात घास मोठा घेतला गेला. आणि तुटलेल्या बाजूचा काही भाग चमकदार नसून मळकट किंवा तांबूस दिसला, तर तिथं चीर आधीपासूनच होती, तुमचा हात फक्त निमित्त झाला. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. त्यामुळं न बघता नवीन पातं घ्यायला बसलं की तीच चूक नव्या दगडावर होते.

सर्वांत जास्त दिसतो तो पहिला प्रकार, वाकून तुटलेला. दगड दाब भरपूर सोसतो, वाक जवळपास सोसतच नाही. मग कान वाकवतं कोण? बहुतेक वेळा अवजाराचं टोक निर्दोष असतं, गुन्हेगार असते टोकामागची जाडी. टोक खाचेच्या तळाशी टेकतं, पण त्याच्यामागं अवजार लगेच जाड होत गेलेलं असतं. खाच उथळ आहे तोवर याचं काही वाटत नाही. ती चार मिलिमीटर आत गेली की हीच जाडी खाचेच्या दोन भिंतींना टेकते आणि पाचरीचं काम करते. पात्याच्या बाजूची भिंत भक्कम असते, कानाची नाजूक. कोण जाणार ते उघड आहे. कान नेमका खाच पुरी होत आली की का उडतो, याचं कारण हेच.

म्हणून आधी अवजार बघा. चार मिलिमीटर रुंद आणि सहा मिलिमीटर खोल खाच हवी असेल, तर अवजाराचं पुढचं निदान आठ मिलिमीटर अंग दोन-अडीच मिलिमीटरपेक्षा जाड नको. पण ते सुईसारखं गोलही नको, गोल टोक दाबताना वाकतं आणि घसरतं. पट्टीसारखं हवं: आडवं मोजलं तर पातळ, उभं मोजलं तर पाच-सहा मिलिमीटर. पातळ बाजू खाचेच्या रुंदीत बसते, आणि ज्या दिशेनं दाबायचं त्या दिशेला उंच बाजू येते, त्यामुळं ताकद राहते.

अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची इथं एक पंचाईत होते. तिकडं या कामाला हरणाच्या शिंगाचं टोक वापरतात आणि तिकडं ते सहज विकत मिळतं. आपल्याकडं सांबराचं किंवा चितळाचं शिंग, जंगलात आपोआप गळून पडलेलं का असेना, घरात आणून ठेवणं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली अंगाशी येतं. कुणी ओळखीचा आणून देतो म्हणाला तरी नको म्हणा. म्हशीचं शिंग कायद्यात बसेल, पण या कामाला ते फार मऊ पडतं. दाब दिला की टोक चेपतं आणि दगडाची धार त्यातच रुतते.

आपल्याकडं बकऱ्याच्या पायाची नळी आहे, आणि ती चांगली आहे. कच्ची घ्या, शिजलेली नको. रश्श्यातून निघालेलं हाड ठिसूळ होतं. साफ करून सावलीत वाळवा, लांबीत उभी फोडा आणि जाड भिंतीची एक लांब चीप घेऊन दगडावर घासत पट्टीसारखं टोक काढा. घासायला तुटक्या जात्याची तळी मिळाली तर दुसरं काही लागत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हाड फार कोरडं पडतं आणि टोकाला उभं चिरतं. कामाआधी टोक थोडा वेळ पाण्यात बुडवून ठेवलं की ते टिकतं.

दुसरा पर्याय तांब्याचा. विजेच्या दुकानात अर्थिंगसाठी आठ नंबरची तांब्याची तार मिळते, ती साधारण ४ मिलिमीटर जाड असते. वेळूच्या किंवा बाभळीच्या मुठीत घट्ट बसवा, दोन-तीन सेंटिमीटर बाहेर ठेवा आणि टोक ऐरणीवर थंडच ठोकून चपटं करा. ठोकून तांबं कडक होतं, ते आपल्याला हवंच आहे. भट्टीत लाल करू नका, पुन्हा मऊ पडेल. तांब्याला काही जण परंपरेबाहेरचं समजतात. पण महाराष्ट्रातल्या जुन्या जोर्वे संस्कृतीच्या लोकांकडं तीन हजार वर्षांपूर्वी तांबंही होतं आणि गारगोटीची पातीही होती, तेव्हा या सोवळ्याला फारसा अर्थ नाही. हाडाचं टोक दगडाला जरा जास्त धरतं, तांब्याचं बारीक करता येतं. अरुंद खाचेला मी तांबं घेतो.

आता दाब. खाचेची जागा ठरली की पातं चामड्यावर आडवं ठेवा, जिथं खाच पाडायची ती धार तुमच्याकडं. अवजाराचं टोक धारेवर अगदी कडेला टेकवा, आत नाही. एक मिलिमीटरही पुरे. दाब सरळ खाली, पात्याच्या सपाटीला काटकोनात. हळूहळू वाढवत न्या. बारीक आवाज येतो आणि खालच्या अंगानं अर्धचंद्राच्या आकाराची कपची सुटते. वरून बघितलं तर धारेवर छोटासा चावा दिसतो, आणि त्याच्या तळाला धार तिरपी उतरलेली दिसते. आता पातं उलटवा. टोक त्या चाव्याच्या अगदी मधोमध, सर्वांत खोल बिंदूवर टेकवा आणि पुन्हा सरळ खाली. दुसऱ्या अंगानं कपची सुटते, खाच आणखी मिलिमीटर-दीड मिलिमीटर आत जाते. उलटवा, टेकवा, दाबा. खाच अशीच चालत आत जाते.

टोक मधोमध राहिलं पाहिजे यावर मी अडून बसतो, कारण ते जरा बाजूला सरकलं की खाच तोंडाशी फाकते आणि कानाचा घास जातो. कपची निघत नाहीये म्हणून मनगट फिरवून टोकानं उचकटायची सवय असते, ती मोडा. डब्याचं झाकण उचकटतो तसा तो झटका थेट कानाला वाकवतो. वाकून तुटलेले कान ज्यांच्याकडं ढिगानं आहेत, त्यांनी कुणाला तरी आपलं मनगट बघायला सांगावं. स्वतःला ते कळत नाही.

खालचं चामडंही गुन्ह्यात सामील असू शकतं. मऊ, फुगीर गादीवर पातं मध्यभागी टेकतं, कान अधांतरी राहतो आणि दाबताना खाली वाकतो. उलट टणक फळीवर ठेवलं तर कपचीला सुटायला जागाच नसते, ती आतच चुरते. मधला मार्ग असा: मोच्याकडून म्हशीच्या जाड चामड्याचा तळहाताएवढा तुकडा घ्या, जुन्या चपलेचा तळही चालतो, आणि त्यात रापीनं पेन्सिलभर रुंदीची एक चर काढून घ्या. खाचेची जागा बरोबर चरीवर येईल आणि कान चरीच्या पलीकडच्या काठावर टेकलेला राहील असं पातं ठेवा. कपचीला खाली जागा मिळते, कानाला आधार मिळतो. डाव्या हाताच्या बोटांनी पातं खाचेच्या शक्य तितकं जवळ दाबून धरा. टोकाकडं धरलं तर सगळी लांबी तरफ होऊन मानेवर येते.

कपची कानातून आरपार गेली असेल तर उपाय सोपा आहे. टोक धारेच्या फार आत टेकवलं जात होतं. कडेवर या, छोटे घास घ्या. दुसरं म्हणजे कानाला सुरुवातीला चरबी ठेवा. खाचेखाली पाच-सहा मिलिमीटर दगड राहू द्या. नंतर बूड घासून, बारीक कपच्या काढून कान हवा तेवढा करता येतो. आधीच नाजूक सुबक कान कोरून मग खाच पाडायला बसणं हा उलटा क्रम आहे.

खाच मधेच अडून बसते तेव्हाचं दुखणं वेगळं असतं. दोन-तीन कपच्या निघतात आणि मग काही केल्या निघत नाही. तळ पांढरा, पिठूळ दिसतो. जोर वाढवला की कान जातो. इथं मूळ कारण बहुतेक वेळा खाचेच्या आधीचं असतं, म्हणजे बूड जाड राहिलेलं असतं. खाचेच्या जागी पातं पाच मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर नवशिक्यानं खाच सुरूच करू नये. आधी बुडाकडून लांब कपच्या काढून ते पातळ करावं, त्यात गेलेला वेळ पुढं वाचतो. हे कुणाला आवडत नाही, कारण बूड पातळ करणं कंटाळवाणं असतं आणि खाच दिसायला भारी.

जाडी ठीक असूनही अडलं असेल तर तळाची धार बघा. दगडाची नवी सुटलेली धार फार पातळ असते. तिच्यावर थेट दाबलं की ती चुरते आणि जोर आत पोचत नाही. म्हणून अवजाराच्या अंगानं तळ हलकाच एक-दोनदा घासून घेतात. अति घासलं तर धार बोथट आणि चौकोनी होते, मग दाब कितीही द्या, कपची धरत नाही. पांढरा पिठूळ तळ म्हणजे चुरणं आणि घासणं दोन्ही जास्त झालं. अशा वेळी ज्या अंगानं दाबत होता ते सोडा, पातं उलटवून टोक जरा तिरपं धरा आणि एक अगदी छोटी कपची काढून तळाला पुन्हा उतार द्या. उतार आला की खाच पुन्हा चालायला लागते.

तरीही हलत नसेल तर दाबायचं सोडून ठोकण्यावर या. तांब्याची किंवा हाडाची छोटी छिन्नी खाचेच्या तळाशी टेकवायची आणि लाकडी मोगरीनं हलका ठोका द्यायचा. ठोका क्षणभराचा असतो, त्यामुळं कान रेटला जाण्याआधी कपची सुटलेली असते. जाड पात्यांना हा मार्ग दाबण्यापेक्षा बरा. पातं धरायला दोन मांड्यांच्या मध्ये चामड्यात गुंडाळून ठेवतात. गुजरातेतल्या खंबातचे, अकीकाचे मणी घडवणारे कारागीर याच्या उलट करतात. लोखंडी सळईचं टोक जमिनीत पक्कं रोवलेलं असतं, दगड हातानं त्या टोकाला भिडवायचा आणि वरून म्हशीच्या शिंगाचं डोकं असलेली हलकी हातोडी मारायची. कपची सळईच्या बाजूनं सुटते. मण्यांना ते उत्तम, खाचेला मात्र तिथं नेम धरणं अवघड जातं.

पहिली खाच पार पडली आणि दुसरी पाडताना अख्खं पातं मानेत तुटलं, असंही होतं. यात जीव जास्त हळहळतो, कारण काम संपत आलेलं असतं. पहिली खाच पूर्ण खोल झालेली असते, मान एका बाजूनं आधीच बारीक झालेली असते, आणि आता उलट्या बाजूनं दाब येतो. माझा उपाय असा की एक खाच पुरी करायचीच नाही. डावी अर्धी, उजवी अर्धी, मग डावी पुरी, उजवी पुरी. याचा दुसरा फायदा म्हणजे दोन्ही खाचा समोरासमोर आणि सारख्या खोल येतात. मान किती ठेवायची? पात्याच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी करायचा मोह आवरा.

आता दगडाबद्दल, कारण मळकट डागाचा तिसरा प्रकार इथला आहे. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये गारगोटी, अकीक, जास्पर तयार होतात. पाषाण झिजला की ते सुटून नांगरटीत आणि गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या पात्रातल्या गोट्यांत येतात. नदीतले गोटे पुरात एकमेकांवर आपटलेले असतात आणि वरून गुळगुळीत दिसले तरी आत चिरा असतात. छोट्या हातोडीनं हलकेच वाजवा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर सोडा. मधोमध स्फटिकांचे दाणे चमकणारी गोटी दिसायला सुंदर, पण कपची त्या दाणेदार पट्ट्यापाशी येऊन थांबते. पातं करताना खाचेची जागा त्या पट्ट्यावर येणार नाही एवढं बघा. काळा पाषाण तर खाचेच्या कामाला घेऊच नका, तो पाथरवटाच्या टाकीचा दगड आहे. आपल्या गोट्या लहान असतात हे जुन्या लोकांनाही माहीत होतं. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ मध्ये नेवाशाला, मराठवाड्याच्या हद्दीच्या अगदी पलीकडं, खोदकाम केलं. तिथल्या ताम्रपाषाण थरांत गारगोटीची छोटी पाती सापडली. अशी पाती आणि चंद्रकोरीच्या आकाराचे दगडी तुकडे लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत बसवून चिकटवत. सुबक बाजूच्या खाचा, ज्यांतून तात गुंडाळून बाण बांधतात, ही मुख्यतः उत्तर अमेरिकेची तऱ्हा. तिकडं १९११ मध्ये कॅलिफोर्नियात रानातून बाहेर आलेला, ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा इशी बाटलीच्या काचेतूनही अशी पाती काढायचा. तेव्हा खाच पाडलेलं पातं करून ते मराठवाड्याचं प्राचीन हत्यार म्हणून कुणाला दाखवू नका.

दगड भाजल्यावर सोपा होतो हे खरं आहे. वाळू भरलेल्या मडक्यात ठेवून गोवऱ्यांच्या आरावर अगदी सावकाश तापवला आणि तितकाच सावकाश निवू दिला, की गारगोटी चकचकीत होते आणि कपच्या लांब सुटतात. खंबातला अकीक असाच भाजतात, त्याचा लाल रंगही त्यानं खुलतो. पण भाजलेला दगड जास्त ठिसूळ होतो. कपची सहज निघते, तसा कानही सहज निघतो. ज्यांचे कान आधीच उडतात त्यांनी भाजलेल्या दगडाकडं वळून काही साधत नाही. मनगट आणि अवजार सुधारेपर्यंत कच्च्या दगडावर किंवा काचेवर राहावं.

सरावाला ढाब्यामागं पडलेल्या बाटलीचं जाड बूड पुरतं. त्यातून अख्खं पातं काढायची गरज नाही. काचेची एक पट्टी घ्या, तिच्या दोन्ही धारांवर ओळीनं खाचा पाडत जा आणि प्रत्येक दोन खाचांमधला दात शाबूत ठेवायचा प्रयत्न करा. दात म्हणजे तुमचा कान. तो टिकायला लागला की पात्याकडं या. डोळ्यांना चष्मा, मांडीवर चामडं, नाकाला एन-९५ मास्क, आणि काम उघड्यावर, वाऱ्याकडं पाठ करून. ही धूळ फुप्फुसात साचते. खंबातच्या अकीक कारागिरांमधला सिलिकोसिस हा काही ऐकीव आजार नाही.

पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर पडलेली जुनी पाती नमुना म्हणून उचलू नका आणि आपला कचरा तिथं किंवा नदीकाठी टाकू नका. उद्या कुणी सर्वेक्षणाला आलं तर तुमच्या कपच्या आणि तीन हजार वर्षांच्या कपच्या वेगळ्या करताना त्यांचा जीव जाईल. कपच्या पिशवीत भरा, चालू वर्षाचं एक नाणं आत टाका आणि परसात खोल पुरा.

आणि इतकं करूनही कान उडालाच, तर पातं फेकू नका. दुसऱ्या बाजूचा कानही तेवढाच काढून टाका, मान दोन्ही बाजूंनी सरळ करा आणि बुडाची कड जात्याच्या तुकड्यावर घासून बोथट करा, म्हणजे बांधलेली तात कापली जाणार नाही. खाचेचं पातं गेलं, दांडीचं पातं झालं. तेही बाणाला तितकंच पक्कं बसतं.